उपाशी मोगरा

"पाणी घालू नको हां तेका. उपाशी ऱ्हवंदे."

लग्न होऊन वेंगुर्ल्याजवळच्या या घरात आले, त्या डिसेंबरात सासूबाईंनी बागेबद्दल दिलेली ही पहिली सूचना. मी सोलापूरकडची. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला जायचं. मान टाकलेला मोगरा मला बघवेना. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की मी गुपचूप दोन तांबे ओतून यायची. मोगरा हिरवागार झाला, पानं तळहाताएवढी, आणि पूर्ण मोसमात कळ्या आल्या मोजून अकरा. सासूबाई रागावल्या नाहीत. शेवटच्या कळीपाशी एवढंच म्हणाल्या, "पानां माळ आता."

आता ते काम माझ्याकडे आहे. डिसेंबरच्या मध्याला मोगऱ्याचं पाणी तोडते. आमची जांभ्याची माती ओल फार दिवस धरत नाही, पंधरा दिवसांत पानं पिवळी पडायला लागतात. मग संक्रांतीच्या सुमाराला सिकेटर घेऊन बसायचं. फूट-दीड फुटाचे खुंट ठेवून सगळं उतरवायचं. काप तिरका, डोळ्याच्या जरा वर. आत घुसलेल्या बारीक काड्या मुळापासून काढायच्या, उरलीसुरली पानं हाताने ओरबाडायची. काम संपलं की झुडूप इतकं भकास दिसतं की शेजारचं कोणीतरी हमखास विचारतं, "मेला काय?" बुंध्याभोवतीची माती उकरून दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग शेणखत, वर पातेरा, आणि मग एकदाचं पोटभर पाणी.

या छळाचं कारण साधं आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते, जुन्या लाकडावर नाही. पाणी मिळत राहिलं की झाड पानांतच रमतं. ताण बसला की वाढ थांबते, आणि नंतर छाटणी, खत, पाणी पाठोपाठ मिळालं की झोपलेले डोळे एकदम जागे होतात. जितके शेंडे, तितक्या कळ्या. आमच्याकडच्या आंबेवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस लांबला, जमिनीत ओल राहिली की हापूस मोहोराऐवजी पालवी काढतो, आणि मग त्या कोवळ्या सुंदर पालवीकडे बागायतदार ज्या नजरेने बघतात ती बघण्यासारखी असते.

फेब्रुवारीत लवदार फूट येते. तिच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुपका, आणि त्यातली मधली आधी फुलते. मार्चपासून पुढे मेपर्यंत माझी दुपारची झोप गेली. मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून तोडणी चारच्या आसपास. आज कुठली फुलणार हे ओळखणं हीच त्यातली कला. आजची कळी टपोरी आणि पूर्ण पांढरी असते. उद्याचीवर अजून हिरवट झाक असते. हिरवट तोडली तर ती वाटीत तशीच मिटून राहते, आणि सकाळी तपकिरी होते. एखादी कळी जांभळट दिसली, तिला टाचणीएवढं भोक असलं, तर आत अळी आहे. ती साबणाच्या पाण्यात. यात मी दयामाया ठेवत नाही.

अबोलीचं सगळं उलटं. तिला तहान सोसत नाही, म्हणून ती न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटावर लावलेली. तिला वास नाही, मोसमही धड नाही. थोडीफार बारा महिने असतेच. तिचा तुरा चौकोनी, फुलं खालून वर उमलत जातात, आणि पाकळ्या सगळ्या एकाच अंगाला, उघडलेल्या पंख्यासारख्या. नळी लांब आणि बारीक, त्यामुळे फूल अलगद ओढलं की सुटून येतं. तुरा मोडायचा नाही, त्यात पुढच्या कितीतरी दिवसांची फुलं असतात.

गजऱ्याला इकडे वळेसार म्हणतात. त्याला सुई लागत नाही. वाळलेलं केळीचं सोपट भिजवायचं, त्याचे दोरे सोलायचे. सासूबाई दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधतात. दोन फुलं या अंगाला, दोन त्या अंगाला, वेढा, गाठ. बोटं काय करतात हे मला अजून नीट दिसलेलं नाही, कारण सांगायला म्हणून त्या सावकाश करायला गेल्या की त्यांचंच चुकतं. अबोलीच्या मध्येमध्ये मोगरा. वास त्याचा, रंग हिचा.

बाकीच्यांचं फार करावं लागत नाही. तेरडा पावसाबरोबर आपसूक येतो, आणि त्याची रोपं गौर म्हणून मुळासकट घरात येतात. अनंत पावसाच्या तोंडावर फुलतो, झोड लागली की कळ्या कुजतात. मे फ्लॉवरचा कांदा वर्षाचे कित्येक महिने जमिनीखाली गडप असतो. गेल्या वर्षी तो कुठे आहे हे विसरून मी तिथेच कुदळ मारली. अर्धा राहिला होता, तो पुन्हा पुरला. यंदा त्यातून एक पान आलंय, लाल गोळा काही नाही.

मे संपताना मोगऱ्याची फुलं लहान होत जातात. तेव्हा अबोलीचे जुने तुरे वाळून खडखडीत झालेले असतात. ते मी मुद्दाम ठेवते. यंदा पहिली सर आली तेव्हा आम्ही दोघी ओटीवर होतो, सासूबाईंच्या अंगठ्याला दोरा तसाच. वीज गेलेली, सर दहा मिनिटांतच थांबली. आणि न्हाणीकडून आवाज यायला लागला, टक्, टक्, मग तीन-चार एकदम. अबोलीची बोंडं पाण्याने फुटत होती. एक बी उडून थेट ओटीच्या पायरीवर पडलं.

"आता घाल काय घालूचा ता पाणी," सासूबाई म्हणाल्या, आणि अंधारातच पुढची गाठ मारली.