एक-तीनचं टेबल

लास वेगासच्या मोठ्या कॅसिनोत पोकर रूम सहसा दारापाशी नसते. तिथे पोहोचेपर्यंत स्लॉट मशीनच्या रांगा, रूलेटची चाकं, ब्लॅकजॅकची टेबलं ओलांडावी लागतात आणि या सगळ्या खेळांत समोर कॅसिनो बसलेला असतो. अमेरिकन रूलेटच्या चाकावर ३८ घरं असतात. एका आकड्यावर लावलेला डॉलर लागला तर ३५ डॉलर मिळतात. या फरकातून कॅसिनोला सरासरी ५.२६ टक्के सुटतात आणि खेळणाऱ्याने कितीही डोकं चालवलं तरी तो आकडा हलत नाही. पोकरच्या टेबलावर मात्र कॅसिनो स्वतः खेळत नाही. तो जागा देतो, पत्ते देतो, वाटायला डीलर देतो आणि त्याबद्दल डावातून काही रक्कम कापून घेतो. तुमचे पैसे जातात ते टेबलाभोवतीच्या आठ जणांकडे, येतात तेही त्यांच्याकडूनच. म्हणून कॅसिनोच्या सहलीला एकच खेळ शिकून जायचा असेल तर तो पोकर, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. आणि सुरुवात सगळ्यात लहान टेबलावर करावी, असंही.

सगळ्यात लहान म्हणजे बहुतेक ठिकाणी एक-दोन किंवा एक-तीनचं ‘नो-लिमिट होल्डेम’. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात आणि टेबलाच्या मध्ये सगळ्यांसाठी सामाईक अशी पाच पानं उघडली जातात. आधी तीन एकदम, तो फ्लॉप. मग एक, तो टर्न. शेवटचं एक, ती रिव्हर. या सातांतून सगळ्यात भारी पाच पानांचा हात ज्याचा होईल, तो मधला सगळा पॉट घेतो. पानं वाटल्यावर एकदा आणि नंतर प्रत्येक टप्प्याला एकदा पैसे लावायची फेरी होते. तीन पत्तीत सगळे जण बूट टाकतात. इथे दर डावाला फक्त दोघांनी टाकायचा. बटणाच्या डावीकडच्या पहिल्याने एक डॉलर, त्याच्या पुढच्याने तीन. हेच ते ब्लाइंड, आणि टेबलाला एक-तीन म्हणतात ते यावरूनच. बटण म्हणजे ‘डीलर’ लिहिलेली चकती. ती दर डावाला एक खुर्ची पुढे सरकते. ज्याच्यासमोर बटण, तो फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांत शेवटी बोलतो, म्हणजे इतरांनी काय केलं ते बघून ठरवतो. या जागेचं मोल नव्या खेळाडूला सुरुवातीला कळत नाही; पण तीच दोन पानं पहिल्या जागेवर टाकून देण्याजोगी आणि बटणावर खेळण्याजोगी असू शकतात.

पोकर रूमच्या तोंडाशी काउंटर असतो. तिथे “वन-थ्री नो-लिमिट” एवढं म्हणून नाव द्यायचं. वय २१ पूर्ण हवं; भारतातून गेलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. शुक्रवार-शनिवारी रात्री प्रतीक्षा यादी लांबते. बेलाजिओ, आरिया, विन, व्हेनिशियन यांसारख्या स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, रूममध्ये सुट्टीला आलेली माणसं जास्त भेटतात. साउथ पॉइंट, ऑर्लीन्स अशा स्ट्रिपपासून दूरच्या ठिकाणी गावातली नेहमीची मंडळी. कॅसिनोचं प्लेअर्स कार्ड फुकट मिळतं. ते बसताना दिलं की बसलेल्या तासांप्रमाणे थोडी रक्कम जमा होते आणि जेवणाला उपयोगी पडते.

बसताना किती पैसे घेऊन बसायचं, म्हणजे बाय-इन किती, याला मर्यादा असते. साधारण १०० डॉलरपासून ३०० पर्यंत, काही ठिकाणी ५०० पर्यंत. माझं मत, ३०० ची परवानगी असेल तर ३०० घेऊनच बसावं. ते तीन डॉलरचे शंभर मोठे ब्लाइंड होतात आणि चांगलं पान लागलं तर त्याचा पुरता मोबदला मिळतो. ही रक्कम रुपयांत पंचवीस हजारांच्या वर जाते, आणि ती एका डावातही जाऊ शकते. हे ज्याला सोसणार नाही त्याने कमी घेऊन बसण्यापेक्षा बसूच नये. डाव चालू असताना खिशातून नवे पैसे काढता येत नाहीत, तसंच जिंकलेल्या चिप्स उचलून खिशात टाकून खेळत राहता येत नाही. टेबलावर आलेला पैसा उठेपर्यंत टेबलावरच.

घरी मित्रांबरोबर खेळून गेलेले लोक इथे अडखळतात ते शिस्तीच्या नियमांवर. तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो. “रेज” म्हणालात की वाढवावंच लागतं. काहीही न बोलता पंचवीसची एकच हिरवी चिप पुढे टाकली आणि समोर तीनचीच मागणी असेल, तर तो फक्त कॉल, म्हणजे मागणीइतकीच रक्कम भरणं, धरतात, उरलेले बावीस परत येतात. थोड्या चिप्स पुढे ठेवून, समोरच्याचा चेहरा बघून, पुन्हा हात मागे नेऊन आणखी चिप्स आणणं चालत नाही. म्हणून आधी आकडा मोठ्याने सांगायचा, मग सावकाश चिप्स मोजायच्या. आपली पाळी आल्याशिवाय पानं टाकू नयेत. तुमच्या आधी बोलायच्या माणसाला त्यातून फुकट माहिती मिळते. पानांवर एक चिप ठेवावी, नाहीतर डीलर तुमची पानं टाकलेल्या पानांत ओढून घेऊ शकतो, आणि मग दाद मागायला जागा फार थोडी उरते.

मराठी मित्र जोडीने जातात त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजीत बोलायचं, असा नियम अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या पोकर रूममध्ये असतो. “अरे, काय पान आलंय!” एवढं सहज म्हटलं तरी डीलर टोकतो, आणि त्याचं बरोबरच असतं, कारण बाकीच्या सात जणांना तुम्ही संगनमत करताय की जेवणाचं बोलताय ते कळायला मार्ग नसतो. मी तर म्हणेन, दोघांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसावं. मित्राविरुद्ध जोरात खेळवत नाही आणि त्यात दोघांचाही खेळ बिघडतो.

आता कॅसिनोच्या कापणीविषयी, जिला रेक म्हणतात. पॉटच्या दहा टक्के, पण कमाल चार-पाच डॉलर, आणि त्यावर जॅकपॉट-बक्षिसांच्या नावाने एक-दोन डॉलर, असा प्रकार सर्रास दिसतो. फ्लॉप उघडलाच नाही तर सहसा काही कापत नाहीत. रक्कम किरकोळ वाटते, म्हणून हिशेब मांडून बघू. तासाला साधारण ३० डाव होतात. सरासरी चार डॉलर कापले असं धरलं तर टेबलावरून तासाला १२० डॉलर जातात. नऊ जणांत वाटले तर प्रत्येकी तेरा. शिवाय जिंकलेल्या पॉटमागे डीलरला एक डॉलर टिप देण्याची रीत आहे. ती द्यावीच, त्यांची बरीच कमाई त्यावर असते. म्हणजे खुर्चीवर बसण्याचा खर्च तासाला पंधरा-सोळा डॉलर. टेबलावरचे सगळे खेळाडू सारख्याच दर्जाचे असतील तर सगळेच सावकाश हरतात. इतरांपेक्षा स्पष्टपणे चांगलं खेळलात तरच हा खर्च निघून वर काही उरतं.

इतरांपेक्षा चांगलं खेळणं लहान टेबलावर अवघड नाही, कारण इथल्या बहुतेकांचं दुखणं एकच आहे. ते फार डाव खेळतात. दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतल्या बहुतेक टाकून देण्याच्याच असतात. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात, म्हणजे तासाला तीस डावांच्या गतीने सातेक तासांत एकदा. दोन वेगवेगळी पानं हातात असतील तर फ्लॉपवर त्यांची जोडी लागण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. पण सुट्टीला आलेल्या माणसाला पानं टाकत बसणं नको असतं. तो गुलाम-छक्की घेऊनही तीन डॉलर टाकतो, मग जोडी लागली की सोडवत नाही म्हणून शेवटपर्यंत पैसे भरत जातो. अशा टेबलावर थापा मारून काही मिळत नाही, कारण थाप पचायला समोरचा पानं टाकणारा हवा. इथे चांगलं पान लागलं की मोठी रक्कम लावायची आणि पान नसलं की गप्प बसायचं. एक डाव पानापानाने पाहू, म्हणजे हे स्पष्ट होईल.

तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा आहे. पुढच्या दोघांनी नुसते तीन-तीन टाकलेत. तुम्ही १८ करता. ब्लाइंड पानं टाकतात, ते दोघे मात्र येतात. पॉट झाला ५८. रेकचे सात कापून ५१ धरू. फ्लॉपवर किलवरचा राजा, बदामाची नव्वी, बदामाची चव्वी. राजांची जोडी आणि सोबत एक्का, यापेक्षा वरचढ हात समोर असण्याची शक्यता कमी. दोघे चेक करतात, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतात, आणि तुम्ही ३० लावता. एक जातो, एक कॉल करतो. पॉट १११. टर्नला किलवरची दुर्री. तुम्ही ६० लावता, तो पुन्हा कॉल. पॉट २३१. रिव्हरला बदामाची सत्ती. आणि आतापर्यंत नुसता कॉल करत आलेला हा माणूस अचानक १५० पुढे सरकवतो.

त्याच्याकडे दोन बदाम होते असं धरू, म्हणजे आता त्याचे पाच बदाम झाले, आणि हा फ्लश जोडीला हरवतो. फ्लॉपनंतर न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम. पुढचं पान बदाम येण्याची शक्यता १९ टक्के. त्याने ८१ मिळवायला ३० भरले, म्हणजे हा सौदा परवडायला त्याला २७ टक्के शक्यता हवी होती. टर्नवर १७१ मिळवायला ६० भरले, तिथे हवे होते २६ टक्के, होते २० च्या आत. दोन्ही वेळा त्याने वाजवीपेक्षा जास्त किंमत मोजली. तरीही फ्लॉपपासून रिव्हरपर्यंतच्या दोन पानांत बदाम लागण्याची शक्यता ३५ टक्के असतेच, आणि आज तो लागला. तुमचे १०८ गेले, पण ते लावण्यात काही चूक नव्हती. हाच डाव पुन्हा पुन्हा झाला तर या रकमांतून पैसे तुमच्याकडेच येतील.

आता उरला प्रश्न १५० चा. त्या टर्नवरच्या साठ डॉलरांकडे पुन्हा बघा. बदाम लागल्यावर तुम्ही पानं टाकणार असाल तर ते साठ त्याचा तोटा होते. तुम्ही १५० देणार असाल तर त्याला लागल्यावर १७१ ऐवजी ३२१ मिळतात, आणि २० टक्क्यांच्या आतल्या शक्यतेलाही तो सौदा फायद्याचा होतो. त्याचा कॉल चूक की बरोबर हे तुम्ही शेवटी काय करता त्यावर ठरतं. लहान टेबलावर गप्प माणूस रिव्हरला एकाएकी मोठी रक्कम लावतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडे पान असतंच. राजांची जोडी खाली टाकावी आणि त्याने पानं न दाखवता पॉट ओढून घेतला तरी वाईट वाटून घेऊ नये. हा एक निर्णय ज्याला जमला, त्याचा तासाचा रेक बऱ्याच अंशी निघाला.

खेळाचं हे गणित गोव्यातही लागू पडतं. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९६ मध्ये दुरुस्ती होऊन जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट मोकळी झाली आणि पणजीला मांडवीतल्या बोटींवर पोकरची टेबलंही लागतात. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केल्यापासून ऑनलाइन खेळणारी मंडळीही प्रत्यक्ष टेबलाकडे वळू लागली, तर नवल नाही. बोटीवर बसण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: ब्लाइंड किती, आणि रेकची कमाल मर्यादा किती. ही मर्यादा ब्लाइंडच्या मानाने मोठी असेल तर चांगला खेळाडूही तिथे टिकणं कठीण.

पुन्हा वेगासकडे. सहलीसाठी किती पैसे न्यायचे? माझं उत्तर ठरलेलं आहे. पूर्ण बाय-इनच्या तिप्पट, एवढे गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही असे, आणि कॅसिनोतल्या एटीएमला हात लावायचा नाही. चांगला खेळणाराही दोन-तीन दिवसांत हरू शकतो. इतक्या थोड्या डावांत नशिबाचा वाटा कौशल्याहून कितीतरी मोठा असतो. भारतातून वीसेक तासांचा प्रवास करून पोहोचलात तर पहिली रात्र झोपेत घालवा. दारू टेबलावर फुकट येते, ती आणणाऱ्या वेट्रेसला डॉलर-दोन डॉलर द्यायचे असतात. मी कॉफी मागतो.

उठायचं झालं की कोणाला काही कारण द्यावं लागत नाही. जिंकत असताना उठलं तर लोक रागावतील ही भीती अनाठायी आहे. या टेबलांवर माणसं येत-जातच असतात. डीलरकडे चिप्स ठेवायचा ट्रे मागायचा, डाव संपल्यावर चिप्स त्यात रचायच्या आणि केजवर, म्हणजे कॅसिनोच्या रोखपालाच्या खिडकीवर, जाऊन रोख घ्यायची. केजवर जाणं दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, कारण एका कॅसिनोची चिप शेजारच्या कॅसिनोत चालेलच असं नाही आणि विमानतळावर तर तिची काहीच किंमत नसते.