बदलते हवामान गावाला कसे सांगावे?



हवामान बदलते आहे ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. ती वर्तमानपत्रात येते, आकाशवाणीवर ऐकू येते, मुलांच्या शाळेच्या पुस्तकातही आहे. तरीसुद्धा पारावर विषय निघाला की एखादे आबा म्हणतात, "ते दिल्ली-मुंबईच्या लोकांचे काम. आम्हाला पाऊस कधी पडेल तेवढे सांगा." यात आबांचे काय चुकले? चुकते ते सांगणाऱ्यांचे. म्हणून हवामान का बदलते हे आज आपण थोडक्यात पाहू आणि ते गावाला कसे सांगावे याचा जरा विस्ताराने विचार करू.

आज ऊन आहे की ढग, ही झाली आजची हवा. तीसएक वर्षांचा हिशेब मांडून तिचा जो स्वभाव दिसतो, ते हवामान. पृथ्वीभोवती वायूंची एक गोधडी आहे. ती नसती तर आपण गारठून गेलो असतो. पण दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो आणि गोधडी जाड होते. कारखानदारीचे युग येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. १८५० ते १९०० या काळाच्या मानाने २०११ ते २०२० या दहा वर्षांत पृथ्वी सरासरी १.१ अंश सेल्सिअसने अधिक तापलेली होती.

एवढ्याशा अंशाने काय होते, असे कुणी विचारील. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. म्हणजे काय, तर तापलेली हवा शेतातली ओल जास्त ओढून घेते, आणि पाऊस द्यायची वेळ आली की एकदम ओतून मोकळी होते. त्यामुळे मध्ये खंड पडला तर पीक लवकर सुकते, आणि पाऊस आला तर माती घेऊन जातो. खानदेशातल्या शेतकऱ्याने ही दोन्ही दुखणी पाहिलेली आहेत.

आता सांगण्याकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, माणसाला त्याच्या मापात सांगावे. "पृथ्वीचे तापमान दीड अंशाने वाढेल," असे म्हटले की ऐकणारा मान हलवतो आणि उठून जातो. पण "तात्या, पहिल्या सरीला भुलून कापूस लावू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली ओलावू द्या, नाहीतर दुबार पेरणी गळ्यात पडेल," असे म्हटले की तात्या बसून ऐकतात. बियाण्याच्या पिशवीचे पैसे त्यांच्याच खिशातून जायचे असतात. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हिमनगाची गोष्ट सांगून काय उपयोग? उन्हाच्या झळांनी पाने फाटतात, घड सटकतात, हे त्याला ठाऊक आहे. त्याला बागेभोवती शेवरीचे दाट कुंपण करायला सांगा. हवामानबदल त्याला त्या कुंपणापाशी समजेल.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तिथे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, घटाभोवती धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचे भाकीत सांगतात. त्या भाकिताला शास्त्राचा आधार नाही. तरी ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जातात, हे विचार करण्यासारखे आहे. ते भाकीत एकेका पिकाचे नाव घेऊन सांगितले जाते, आणि शेतकरी बी-भरणाचा विचार करीत असतो नेमका तेव्हाच. शास्त्र सांगणाऱ्यांनी एवढे शिकायला हरकत नाही. आखाजीच्या आगेमागेच १ मेची ग्रामसभा येते. चर खोदायचे, नाला अडवायचा, विहिरीभोवतीचा गाळ काढायचा, ते त्याच दिवसांत. जुलैत पाणी वाहून गेल्यावर भाषण केले, तर ते पालथ्या घड्यावर पाणी!

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. आपल्यातल्याच माणसाने सांगावे, आणि सांगितलेले गावाने मिळून करावे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. १९९० च्या सुमारास तिथले डोंगर उघडे पडले होते आणि बायांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. गावच्याच चैत्राम पवार यांनी लोकांना एकत्र बसवले. गावाने स्वतःच नियम केले : जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही, गुरे मोकाट सोडायची नाहीत, मोडेल त्याला दंड. उतारावर चर खोदले, दगडांचे लहान बांध घातले. आज चारशेहून अधिक हेक्टर जंगल तो पाडा राखतो आहे. विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली.

बारीपाड्याने सुरुवात केली ती घागरीपासून. जागतिक तापमानाची चर्चा तिथे पुढे कधीतरी आली असेल. बंदी घातली, तिचे फळ विहिरीत दिसले, म्हणून बंदी टिकली. आणखी एक युक्ती पाहा. तिथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरवतात. बाया डोंगरातल्या भाज्या रांधून आणतात, नावे सांगतात, गुण सांगतात. ज्या जंगलातून ताटात भाजी येते, ते जंगल राखा असे वेगळे बजावावे लागत नाही.

मिळून ठरवणे आपल्याला नवे नाही, बरे का. पांझरेच्या काठी काही शतके फड पद्धत चालली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणायचे, जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, आणि पाणी किती आहे ते पाहून कोणत्या फडात काय लावायचे हे सर्वांनी बसून ठरवायचे. पाणी फिरवायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. आज ती पद्धत पूर्वीच्या जोमाने उरलेली नाही. पण आधी पाणी मोजावे आणि मग पीक ठरवावे, हा तिचा धडा आजच्या हवामानाला अधिकच लागू आहे.

चौथी गोष्ट, घाबरवू नये आणि खोटी आशाही दाखवू नये. "सारे संपले" असे ऐकले की माणूस हात बांधून बसतो. "एक झाड लावा, ऊन कमी होईल" असे सांगितले आणि पुढचा वैशाख तसाच तापला, तर तो पुन्हा आपले ऐकत नाही. खरे ते सरळ सांगावे. गोधडी जाड झाली ती मुख्यतः मोठ्या कारखान्यांनी, वीजकेंद्रांनी आणि श्रीमंत देशांनी. एक गाव ती उसवू शकत नाही. त्यासाठी सरकारांना जाब विचारावा लागतो. पण पडेल तो पाऊस शिवारात मुरवणे, पेरणीची घाई टाळणे आणि उन्हात माणूस जपणे हे गावाच्या हाती आहे.

उन्हाचेच उदाहरण घ्या. हवामान खाते जिल्हावार इशारे रंगांत देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. नुसता रंग सांगून भागत नाही. "उद्या नारिंगी आहे, मजुरांना पहाटे बोलवा, बारा ते चार काम बंद, बांधावर पाण्याचे मडके ठेवा," असे पुढचे वाक्य जोडले पाहिजे. कुणाचे अंग तापून भान हरपले, तर सावलीत न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. या दोन वाक्यांनी एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचतो.

शिक्षक मित्रांनो, यात तुमचा वाटा मोठा आहे. शाळेच्या मोकळ्या पटांगणात तोंड आणि बूड सारख्या रुंदीचे असलेला, सरळ उभ्या बाजूंचा डबा ठेवा. रोज सकाळी साडेआठला मुलांनी पट्टीने आतले पाणी मोजावे, फळ्यावर लिहावे आणि डबा रिकामा करावा. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हे गणित त्यांच्याकडून करून घ्या. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी म्हणतात. तेव्हा एका हेक्टरावर साडेसहा लाख लिटर पडले, आणि त्यातले किती आपल्या शिवारात थांबले, हा प्रश्न मूल घरी घेऊन जाईल. मुलांनी आजोबांना विचारावे : पूर्वी पेरणी कोणत्या नक्षत्रात होई? विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरे? ती उत्तरे वहीत उतरवावी.

अशा चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की ती वही १ मेच्या ग्रामसभेत मुलांनाच वाचू द्या. आकडे आपल्या शाळेचे, विहीर आपल्या गावची आणि वाचणारे लेकरू आपल्या घरचे असले, म्हणजे हे दिल्ली-मुंबईचे काम आहे असे आबा म्हणणार नाहीत. ते विचारतील, "मग पहिला बांध कुठे घालायचा?" त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवून ग्रामसभेला जा.