पायाखालची भूमी : घराच्या फरशीचा वैद्यकीय विचार

आमच्या चिकित्सालयात नियमित येणाऱ्या एका वृद्धेस संधिगत वातासाठी आम्ही रात्रौ पादाभ्यंग सुचविला होता. कोमट तिळतेल, हलका हात, नंतर निद्रा, एवढीच सूचना. त्याच वर्षी मुलाने मातीचे जुने घर पाडून नवे बांधले होते आणि सर्व खोल्यांत आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड टाईल बसविली होती. चौथ्या रात्री आजी लघुशंकेसाठी उठल्या, तेलाचे पाऊल घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आज त्या वॉकर धरून चालतात. औषधयोजनेत आमचे काही चुकले नाही, असे आम्ही काही दिवस मनास समजावीत राहिलो. परंतु तेल लावलेला पाय कोणत्या भूमीवर पडणार आहे, हे न विचारणे ही आमचीच चूक होती. तेव्हापासून अग्नी, कोष्ठ, निद्रा यांच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर पडली आहे : घरात फरशी कोणती?

हा प्रश्न आपल्या शास्त्रास परका नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात रुग्णासाठी व शारीरस्थानात प्रसूतीसाठी घर कसे असावे, हे स्वतंत्रपणे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणिताच्या निवासाचा विचार केला आहे. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत तर वर्षाकाळी अनवाणी न फिरण्याचा व ओलाव्यापासून दूर, उंच जागी राहण्याचा उपदेश आहे. धानाच्या बांधीत दिवसभर पाय भिजविणाऱ्या आमच्या रुग्णांना त्यातील पूर्वार्ध पाळणे अशक्यच. निदान घरी परतल्यावर तरी पायाखाली कोरडी जागा मिळावी.

शेणाने सारवलेल्या जमिनीविषयी आपल्या व्यवसायबंधूंत मोठी आस्था आहे, आणि ती अकारण नाही. चंद्रपुरात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा जाड मातीच्या भिंती आणि सारवलेली भुई यांचा विसावा ज्याने अनुभवला त्याला तो विसरता येत नाही. ती गुडघ्यांना कठीण लागत नाही आणि तीवर पाय सहसा घसरत नाही. परंतु शेण जंतुघ्न असते हे सरसकट विधान आम्हांस मान्य नाही. धनुर्वाताचे बीजाणू जनावरांच्या विष्ठेत असतात, हे प्रत्येक वैद्यास ठाऊक आहे. भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, ते लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे. ज्या खोलीत बाळंतीण व नवजात शिशू आहे, किंवा ज्याच्या पायास व्रण आहे असा रुग्ण आहे, तेथे ताजे सारवण नको, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मेक्सिकोतील एक उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथील शासनाने गरीब कुटुंबांच्या मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून देण्याची योजना राबविली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संपूर्ण घरात सिमेंटची जमीन झाल्यास लहान मुलांतील कृमिबाधा ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि पांडुता ८१ टक्क्यांनी घटली. कृमिघ्न औषध वर्षानुवर्षे देऊनही ज्या रांगत्या बालकाचा कृमिरोग उलटतो, त्याच्या घरची भुई एकदा पाहून यावी.

मग योग्य काय? आमच्या मते घरकुलाच्या मर्यादित पैशांत नीट घोटलेला सिमेंटचा कोबा हा सर्वांत कमी दोषांचा पर्याय आहे. दुर्दैवाने घरकुलांत सर्व पैसा भिंती आणि स्लॅबवर खर्च होतो, आणि जमीन शेवटी उरल्यासुरल्या पैशांत उरकली जाते. खाली दगडी सोलिंग, चांगला दाबलेला मुरूम, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग कोबा. हा क्रम चुकला की पावसाळाभर जमिनीतून ओल वर येते व श्वास आणि वातव्याधीचे रुग्ण तक्रार घेऊन आपल्याकडे येतात. बांधकामापूर्वी वाळवीप्रतिबंधक औषध मारणे जंगलपट्ट्यात टाळता येत नाही. जोते उंच हवे. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचापासून चंद्रपूरपर्यंत ज्यांची घरे बुडाली, त्यांना हे सांगावे लागत नाही.

थोडा अधिक खर्च शक्य असेल तर पॉलिश न केलेली शहाबादी, तांदूर किंवा कोटा फरशी घ्यावी. गंमत अशी की आमच्या जिल्ह्याच्या पोटात चुनखडक आहे, त्यावर सिमेंटचे कारखाने चालतात, आणि घरातल्या चुनखडकाच्या फरश्या मात्र कर्नाटक, तेलंगण, राजस्थानातून येतात. या दगडास आंबट सोसत नाही; लिंबू, चिंच, कांजी सांडली की डाग राहतो. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही, पुसण्यास सोपी असते. हा गुण स्वयंपाकघरात मोठा आहे. पण घ्यायचीच तर खरखरीत पृष्ठाची घ्यावी. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी पाय ठेवून पाहावा. दुकानदार हसला तरी हसू द्यावे. न्हाणीघर आणि ओसरी येथे तर गुळगुळीत फरशी नकोच.

मधुमेह किंवा कुष्ठामुळे पायाची संवेदना गेलेल्यांचा विचार निराळा करावा. वरोड्याच्या आनंदवनामुळे कुष्ठाविषयी या भागातील जाण इतरांहून अधिक आहे. फुटलेल्या टाईलची धार किंवा अंगणातील तापलेली फरशी अशा पायांस कळत नाही. व्रण दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. शीतकाळी उघड्या फरशीवर शिशूस निजवू नये. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या 'सर्च' संस्थेच्या घरोघरच्या नवजात सेवेत बाळ उबदार ठेवण्यावर भर असतो, तो याचसाठी.

आणि मण्यार. उंदरांची बिळे असलेल्या कच्च्या जमिनीत ती सहज शिरते आणि रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. दंश कित्येकदा जाणवतही नाही. पक्की जमीन, दाराखालची फट बंद आणि खाटेवर गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, हे आमचे सांगणे असते. पहाटे पोट दुखते, पापण्या उचलत नाहीत अशी तक्रार आली तर काढ्यात वेळ न घालविता थेट रुग्णालयात पाठवावे.

औषधनिर्माते वाचकांसाठी थोडक्यात : परिशिष्ट 'टी' नुसार निर्मितीगृहाची जमीन गुळगुळीत, भेगारहित व धुण्याजोगी असणे अपेक्षित आहे. आसवारिष्टे जेथे गाळली जातात तेथे मात्र चुनखडकाची फरशी लावू नये. आम्लाने ती खडबडीत होते आणि मग तीत राहिलेला मळ निघत नाही.

त्या वृद्धेच्या घरी आता पलंगापासून न्हाणीघरापर्यंत खरखरीत फरशीची एक पट्टी बसविली आहे आणि भिंतीला धरण्यासाठी पाइप लावला आहे. पादाभ्यंग बंद केलेला नाही. तेल अर्धा तास ठेवून बेसनाने पुसून काढतात, आणि नंतरच त्या जमिनीवर पाय टेकतात.