पाटणच्या दरीत एक दिवस : वाटाड्याचा मेहनताना आणि आमचा हिशेब

गेली तीस वर्षे आम्ही कराडहून पाटणला जात आहोत. कशासाठी, तर उधारी वसूल करण्यासाठी. टॉवेल, चादरी, लुंगी आणि नऊवारीचा माल पाटणच्या दुकानदारांना द्यायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बिलबुक घेऊन पैशासाठी फेरी मारायची. एवढ्या वर्षांत पाटणच्या बाजारपेठेची प्रत्येक पायरी आम्ही ओळखू लागलो. परंतु बाजारपेठेतून मान वर करून डोंगराकडे पाहिले असेल तर अल्लाह जाणे! ज्या गावाने आमच्या घरची चूल चालवली, त्या गावाची दरी आम्ही पाहिली ती वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, आणि तीही परगावच्या पाहुण्यांमुळे.

मागील पावसाळ्यात आमच्या घरी वलीमा होता. त्यासाठी भिवंडीचे दोघे मागवाले, मालेगावचे एक साडीवाले आणि इचलकरंजीचे तिघे व्यापारी आले होते. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सेठ, कराडपर्यंत आलो आहोत, तर कोयनेची दरी दाखवा." सगळे आमच्या व्यवहारातले लोक. त्यांना नाही कसे म्हणणार? पण आम्हाला स्वतःलाच वाट माहीत नव्हती. म्हणून पाटणच्या आमच्या एका गिऱ्हाइकाला फोन केला. त्याने दिवसभरासाठी एक जीप आणि एक वाटाड्या ठरवून दिला. वाटाड्या म्हणजे पाटणजवळच्या डोंगरवाडीतला पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण. त्याने दिवसाचे १,५०० रुपये सांगितले. आम्ही व्यापारी माणूस, जीभ आपोआप चालली. घासाघीस करून १,२०० वर आणले आणि मनात खूशही झालो. या ३०० रुपयांची गोष्ट पुढे येणार आहे, वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

सड्यावरचा उलटा धबधबा

फजरची नमाज पढून आम्ही सातजण निघालो. मल्हारपेठ, नवारस्ता करीत पाटणला पोहोचलो. येथे केरा नदी कोयनेला मिळते. वाटाडा स्टँडजवळ उभाच होता. त्याने आधी सर्वांच्या पायांकडे पाहिले. मालेगावचे सेठ चामड्याच्या गुळगुळीत चपला घालून आले होते. तो म्हणाला, "चाचा, ह्या चपला गाडीतच राहू द्या. खडकावर शेवाळ आहे." आणि बाजारातून रबरी तळाचे बूट घ्यायला लावूनच त्याने गाडी हलू दिली. तेव्हा आम्हाला ही त्याची चढेल वृत्ती वाटली.

पाटणहून तारळ्याकडे जाणाऱ्या घाटाने आम्ही सडावाघापूरला चढलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट खडकाळ मैदान. वर पवनचक्क्या फिरत असतात. धुके एवढे की चक्कीचा खांब दिसतो, पाती दिसत नाहीत, फक्त घरघर ऐकू येते. मैदान संपते तेथे एकदम कडा तुटतो आणि खाली दरी. पावसाचे पाणी सड्यावरून वाहत येऊन कड्यावरून खाली पडायला जाते. पण दरीतून वर चढणारा वारा एवढा जोराचा असतो की तो पाणी उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. याला लोक उलटा धबधबा म्हणतात. वारा कमी झाला की पाणी सरळ पडते, वारा आला की उलटे फिरते. भिवंडीचे मागवाले म्हणाले, "हे तर माल परत आल्यासारखे झाले!" सगळे हसले.

वाटाड्याने कड्यापासून पंधरा पावलांवर काठीने रेघ ओढली आणि सांगितले, याच्या पुढे कोणी जायचे नाही. धुक्यात कडा कोठे संपतो ते डोळ्यांना कळत नाही. आमच्या शेजारी काही तरुण मंडळी वाटाड्याशिवाय आली होती. ती कड्याच्या टोकाशी फोटो काढीत होती. आमचा वाटाडा त्यांनाही ओरडून मागे बोलावीत होता. त्याचे त्याला कोणी पैसे देणार नव्हते.

"सेठ, आज घळीत उतरायचे नाही"

परतीच्या वाटेवर एका ओढ्याची अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या भिंती, मध्ये गुडघाभर पाणी. तिचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण नाव छापले की लोक एकटे जातात. या घळीत तासभर चालायचे असे आधीच ठरले होते आणि पाहुण्यांना सर्वांत जास्त हौस त्याचीच होती. आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, ऊनही पडले होते. वाटाडा एकटा खाली उतरला, पाण्यात हात घातला, वर सड्याकडे पाहिले आणि परत येऊन म्हणाला, "सेठ, आज घळीत उतरायचे नाही."

पाहुणे नाराज झाले. एकजण म्हणाले, "ऊन पडले आहे, पाणी गुडघ्याएवढे आहे. पैसे मोजले आहेत आम्ही." वाटाड्याने शांतपणे उत्तर दिले, "इथे ऊन आहे चाचा, पण सड्यावर ढग बसलाय. पाणी मघाशी पांढरे होते, आता तांबूस झालेय, पालापाचोळा यायला लागलाय. घळीचे तीनशे रुपये कापून घ्या." आम्हाला शरम वाटली, पण पाहुण्यांसमोर आम्ही गप्प बसलो.

तेथेच गाडीजवळ चहा पिण्यात अर्धा तास गेला असेल. मग जो आवाज आला, तो माल भरलेला ट्रक उतारावरून ब्रेक न लावता यावा तसा होता. घळीच्या तोंडातून गढूळ लोंढा बाहेर पडला. आमचे मालेगावचे सेठ ज्या दगडावर बसून बूट बांधणार होते, तो दगड दिसेनासा झाला. कोणी काही बोलले नाही. नाराज झालेल्या पाहुण्यांनी उठून वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढेच.

हे केवळ आमच्यावरच आलेले नाही

असे पाणी कोठेही येते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अँटिलोप कॅन्यन नावाची जगप्रसिद्ध अरुंद दरी आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथे ११ पर्यटक लोंढ्यात बुडून मेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता. तो काही मैल दूर, वरच्या अंगाला पडला होता. ती जमीन नवाजो या आदिवासी लोकांची आहे. आज त्या दरीत वाटाड्याशिवाय कोणालाही जाऊ देत नाहीत, मग तो कितीही पैसेवाला असो. आपल्याकडे अकोले तालुक्यात साम्रदजवळ सांदण दरी आहे. तेथेही जाणती माणसे पावसाळ्यात उतरत नाहीत.

आणि दूर कशाला जायचे? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागील धबधब्यात पुण्याच्या हडपसरचे एक कुटुंब उभे होते. पाणी वाढत गेले, ते एकमेकांना धरून राहिले, आणि एक महिला व चार मुले डोळ्यांदेखत वाहून गेली. ते कुटुंब आपल्याच समाजाचे होते. त्या दिवशी त्यांच्यासोबत 'आता बाहेर या' म्हणणारा एक जाणता माणूस असता तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही. पाटण तालुक्यानेही जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळताना आणि माणसे गाडली जाताना पाहिली आहेत. डोंगर दिसायला हिरवा असतो, पण त्याचा स्वभाव त्याच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्यालाच कळतो.

कोयनेचे पाणी आणि आमचे माग

दुपारी पाटणला जोहरची नमाज पढलो. जेवणाचा प्रश्न वाटाड्याने आधीच विचारून ठेवला होता. त्याच्या घरी नाचणीची भाकरी, पिठले, डाळ, भात आणि ठेचा असे साधे शाकाहारी जेवण मिळाले. खाण्याविषयी मनात कसलीही शंका न ठेवता सर्वजण पोटभर जेवले.

नंतर कोयनानगर. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिला अडवून बांधलेले धरण सुमारे १०३ मीटर उंच आहे, आणि मागच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसीपर्यंत पाणी मावते. पूर्वेकडे जाणारे हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडले जाते आणि तेथील उतारावर वीज तयार होते. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात या भागात दीडशेहून अधिक माणसे दगावली. वाटाड्याचे आजोबा त्या रात्रीची गोष्ट सांगत, असे तो म्हणाला. आमचे भिवंडीचे पाहुणे बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आयुष्यभर विजेचे बिल भरले, शिव्याही दिल्या. ती कोठून येते आणि कोणाची घरे-शेते बुडवून येते, ते आज पाहिले."

नवजाचा ओझर्डे धबधबा पाहून आम्ही परत फिरलो. तो कोयना अभयारण्यात आहे आणि हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे प्रवेशशुल्क व वेळेचे बंधन असते. वाटाड्यामुळे आम्ही वेळेत आत गेलो आणि वेळेत बाहेर आलो.

हिशेब

हे पान व्यापाराचे आहे, म्हणून हिशेबही मांडतो. जीप डिझेलसह ४,२०० रुपये. चालक व वाटाडा धरून नऊ माणसांचे जेवण प्रत्येकी १२० प्रमाणे १,०८० रुपये. प्रवेशशुल्क, पार्किंग, चहा मिळून ४००. वाटाड्याचा मेहनताना १,५०० रुपये. एकूण ७,१८० रुपये, म्हणजे सातजणांत माणशी हजाराच्या थोडे वर. स्वतंत्र गाडी असल्याने नमाजेची वेळ सांभाळता आली आणि वयस्क माणसाला दम लागला तर थांबता आले. दुसऱ्यांच्या गर्दीसोबत हे होत नाही.

वाचकांनी पाहिले असेल, ठरले होते १,२०० आणि दिले १,५००. निघताना आम्ही पूर्ण रक्कम पुढे केली तेव्हा तो घेईना. म्हणाला, "घळ दाखवली नाही, सेठ." आम्ही म्हणालो, "बाळा, तू घळ दाखवली नाहीस, म्हणून तर हे पैसे आहेत."

व्यापारात आम्ही कापडाचा तागा हाताने चोळून पाहतो, सुताचा नंबर विचारतो, मग भाव करतो. वाटाड्याचा माल असा चोळून पाहता येत नाही. तो आपल्याला वाट विकतो असे आम्ही समजत होतो. खरे तर त्याच्याकडची सर्वांत महाग वस्तू आहे त्याचे 'नाही'. ज्या वाटाड्याला गिऱ्हाईक जाईल, पैसे कापले जातील अशी भीती वाटते, तो 'नाही' म्हणत नाही. त्याला भावात पिळून आपण आपल्याच जिवाचा विमा स्वस्तात काढतो. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात आधी मजुरी योग्य ठरवणेही आलेच.

म्हणून व्यापारी बांधवांना चार गोष्टी सुचवतो. एक, जीप, डिझेल, जेवण, प्रवेशशुल्क कोणाकडे, हे बयाणा देतानाच कागदावर लिहून घ्यावे. दोन, पावसामुळे एखादी जागा रद्द झाली तर वाटाड्याचे पैसे कापले जाणार नाहीत, हेही त्यात लिहावे. तीन, वाटाडा त्याच गावचा असावा. बाहेरचा एजंट दुप्पट पैसे घेतो आणि ओढ्याचा रंग ओळखत नाही. चार, बायका-मुले सोबत असतील तर वाटाड्याने 'निघा' म्हटल्यावर एक फोटोही जास्त काढू नये.

आणि कराड-पाटणच्या आपल्या तरुणांनाही सांगणे आहे. तुमच्यात जीपवाले आहेत, गॅरेजवाले आहेत, खानावळ चालवणारे आहेत. डोंगरवाडीतल्या जाणत्या मुलांशी भागीदारी करा. गाडी तुमची, वाट त्यांची, हिशेब चोख. पाटण तालुक्यातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला हमाली करायला गेली. त्यातल्या दोन-चार मुलांना गावातच इज्जतीची कमाई मिळाली, तर त्या घरांत आमच्या चादरीही विकल्या जातील.

पुढच्या फेरीला आम्ही पाटणला गेलो, तेव्हा उधारी मागण्याआधी चहाच्या टपरीपाशी उभे राहून डोंगराकडे पाहिले. सड्यावर ढग बसला होता. खाली बाजारात ऊन होते.