‘प्रायमरी केअर’ आणि ‘प्रायमरी हेल्थ केअर’ एकच? एका शब्दाने काय बदलतं, समजून घ्या जामखेडच्या उदाहरणातून

‘प्रायमरी केअर’ आणि ‘प्रायमरी हेल्थ केअर’ या दोन्हींसाठी मराठीत अनेकदा ‘प्राथमिक आरोग्य सेवा’ असंच लिहिलं जातं. पण दोन्हींचा अर्थ सारखा नाही. नेमका फरक काय?

प्रायमरी केअर म्हणजे काय?
ताप आला, जखम झाली, शुगर वाढली की रुग्ण सर्वात आधी ज्या डॉक्टर किंवा नर्सकडे जातो, तिथे मिळणारी सेवा म्हणजे प्रायमरी केअर. गरज पडल्यास तिथूनच त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं जातं.

‘हेल्थ’ शब्दाने काय वाढतं?
सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा आटा येथे झालेल्या जागतिक परिषदेने प्रायमरी हेल्थ केअरची व्याख्या केली. त्यात उपचारांसोबत आहार, शुद्ध पाणी, स्वच्छता, लसीकरण, कुटुंब नियोजन आणि आरोग्य शिक्षण आलं. नियोजनात सहभागी होणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य मानलं गेलं.

जामखेडचा संबंध काय?
डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’ सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात या कामावर प्रकरण आहे. म्हणजे परिषदेच्या तीन वर्षं आधीच.

इथे गावातल्याच महिलांना आरोग्य सेविका म्हणून तयार करण्यात आलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी, मुलांचं वजन ही कामं त्या करू लागल्या. दुष्काळात हातपंपांसाठी दलित वस्तीतली जागा निवडली गेली. त्यामुळे पाण्यासाठी इतरांनाही तिथे यावं लागलं. हे काम औषधाच्या चिठ्ठीत बसणारं नव्हतं, पण आरोग्याचंच होतं.

‘पीएचसी’ वाचताना काय लक्षात ठेवाल?
आपल्याकडे ‘पीएचसी’ म्हणजे बहुतेक वेळा प्रायमरी हेल्थ सेंटर, म्हणजेच प्राथमिक आरोग्य केंद्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या कागदपत्रांत मात्र तेच लघुरूप प्रायमरी हेल्थ केअरसाठी येतं. एक दवाखाना, दुसरी कामाची पद्धत.

गावाला याचा उपयोग काय?
मूल वारंवार जुलाबाने आजारी पडत असेल, तर दरवेळी औषध मिळणं ही प्रायमरी केअर. गावाने पाण्याचा स्रोत तपासून घेऊन तो दुरुस्त करणं ही प्रायमरी हेल्थ केअर. दोन्ही हवंच. त्यामुळे ग्रामसभेत ‘डॉक्टर येतात का?’ या प्रश्नासोबत ‘पाणी कधी तपासलं?’ हाही प्रश्न विचारायला हवा.