ययाति नेमके किती?

"सर, हेच मराठीत आहे काय ओ?"

कॉलेजमधली मुलगी. हातात एस. एल. भैरप्पांचं कन्नड 'पर्व', परत करायला आणलेलं. तिचं वाचून झालं होतं, आता आजीला वाचायचं होतं. आजी कन्नड फाडफाड बोलते, पण अक्षर वाचता येतं ते मराठीच. निपाणी-बेळगाव पट्ट्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

निपाणीजवळच्या एका वाचनालयात मी जुन्या नोंदी संगणकावर घेण्याचं काम करतो. तिथं दोन दाखल नोंदवह्या आहेत, एक मराठीची, एक कन्नडची. मराठी नोंदवहीतून केलेल्या यादीत मी 'भैरप्पा' शोधलं. काहीच मिळालं नाही. मी नाही म्हणणार, तेवढ्यात तिथले जुने शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आतल्या कपाटाकडे गेले आणि मराठी 'पर्व' घेऊन आले. नोंदवहीत ते लेखकाच्या रकान्यात 'उमा कुलकर्णी' म्हणून चढलं होतं. भैरप्पांचं नावच नव्हतं.

नोंद करणाऱ्याला मी दोष देणार नाही. उमाताईंचा जन्म बेळगावचा, भैरप्पा मराठी घरांत पोचले ते त्यांच्या हातून, आणि आमचे वाचकही "उमा कुलकर्णींचं नवीन काय आलंय?" असंच विचारतात. पण ती मुलगी दोन पुस्तकं मागत नव्हती. तिच्या लेखी ते एकच पुस्तक होतं, दोन भाषांतलं. नोंदवहीला हे ठाऊक नव्हतं, मामांना होतं.

ग्रंथालयशास्त्रात या जाणिवेला रीतसर आराखडा आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, 1998 साली तो मांडला आणि 2017 मध्ये त्यासह आपले तीन आराखडे एकत्र करून नवा केला. त्यात पुस्तकाकडे चार पायऱ्यांनी पाहतात. लेखकाने निर्माण केलेली मूळ कृती. ती ज्या शब्दांत उतरली ते रूप, म्हणजे मूळ संहिता किंवा एखादा अनुवाद. ते रूप छापून निघालं ते प्रकाशन. आणि आपल्या कपाटात उभी असलेली, शिक्का मारलेली प्रत. आपली दाखल नोंदवही फक्त शेवटची पायरी ओळखते. तिचं कामच प्रती मोजण्याचं. वाचक मात्र बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरून विचारतो.

हे मला खरं समजलं ते 'ययाति'पाशी. संगणकावर त्या नावाच्या सात नोंदी निघाल्या, त्याही दोन ठिकाणी, कारण काही ठिकाणी 'ति' ऱ्हस्व, काही ठिकाणी दीर्घ. मी सातही पुस्तकं काढून मोठ्या टेबलावर मांडली.

चार प्रती वि. स. खांडेकरांच्या कादंबरीच्या. 1959 ची ही कादंबरी, 1974 चं ज्ञानपीठ तिच्यामुळे मराठीत आलं. पाचवं पुस्तक तिचाच कन्नड अनुवाद, व्ही. एम. इनामदारांनी केलेला. सहावं कन्नड नाटक, गिरीश कार्नाडांचं, 1961 चं, धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने काढलेलं. सातवं त्या नाटकाचा मराठी अनुवाद. नाव एक, मूळ कथाही एक, महाभारताच्या आदिपर्वातली. पण कृती दोन. खांडेकरांचं कन्नड पुस्तक खांडेकरांच्याच कृतीखाली जाईल, आणि कार्नाडांचं मराठी पुस्तक भाषा मराठी असली तरी खांडेकरांच्या जवळपास येणार नाही. दोघांना जोडणारा धागा विषयाचा, एवढाच.

ड्युईच्या दशांश वर्गीकरणातही साहित्य मूळ भाषेप्रमाणे लागतं. म्हणजे कार्नाडांचं मराठी नाटक 891.462 या मराठी नाटकांच्या क्रमांकात न जाता 894.8142 मध्ये, कन्नड नाटकांत जातं. तसं लावलं असतं तर आमचा मराठी नाटकांचा वाचक त्या कपाटाकडे फिरकलाच नसता. म्हणून मी ते मराठी नाटकांतच ठेवलं आणि मूळ कृतीशी नातं नोंदीत जोडलं. कपाटात पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, नोंद चार ठिकाणांहून सापडू शकते.

खांडेकरांच्या चार प्रतींनी जास्त वेळ घेतला. आपल्याकडे साध्या पुनर्मुद्रणालाही 'आवृत्ती' म्हणण्याची पद्धत आहे. 'नववी आवृत्ती' वाचून मजकूर बदलला असेल असं समजू नये. मी प्रत्येक प्रतीची मधलीच दोन-तीन पानं उघडून ओळी कुठे तुटतात ते पाहिलं. तीन प्रती अक्षर न् अक्षर एकाच जुळणीच्या होत्या. चौथीची जुळणी नवी, पानं वेगळी.

प्रकाशनस्थळाच्या रकान्यात तर जीव गुंततो. जुन्या पुस्तकांवर 'बेळगांव', अनुस्वारासकट. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनंतर हळूहळू 'बेळगाव'. इंग्रजी मुखपृष्ठांवर 'बेलगाम', कन्नडमध्ये 'बेळगावि', आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव 'बेळगावी'. या नावावरून इथल्या माणसांनी किती सोसलंय हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. इफ्लाच्या नव्या आराखड्यात नाव ही स्वतंत्र वस्तू मानली आहे. जागा एक, तिला चिकटलेली नावं अनेक, प्रत्येकाची भाषा आणि काळ सांगता येतो. पुस्तकावर छापलंय तेच जसंच्या तसं उतरायचं, आणि सगळी नावं मागून एका जागेला बांधायची. कुठलंही शोधा, सगळं हाती येतं. 1848 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या गावाच्या पुस्तकांना एवढा मान मिळायलाच हवा.

टेबल आवरताना मामांनी खांडेकरांची एक प्रत बाजूला काढली. "हिची शेवटची पानं गेल्यात, सर. कुणी नेली की मी सांगतो, हितपर्यंत वाचा, मग या आन् बाकीचं दुसऱ्या पुस्तकात हितंच बसून वाचा."

"कुठल्या दुसऱ्या?"

त्यांनी बाकीच्या तिन्हींवरून हात फिरवला आणि दोनच पुढं सरकवल्या. नव्या जुळणीची तिथंच राहू दिली. "त्यात पान जुळत न्हाई."

मी फाटक्या प्रतीच्या शेऱ्यात ते लिहून घेतलं, आणि सोबत त्या दोन प्रतींचे दाखल क्रमांक.