गाण्यातील भाषा आणि वर्गातील भाषा : 'सिस्टर ॲक्ट २' या चित्रपटाच्या निमित्ताने

डिसेंबर 1993 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'सिस्टर ॲक्ट २ : बॅक इन द हॅबिट' या विनोदी चित्रपटाचे उपशीर्षक मराठीत आणू पाहणाऱ्याची पहिल्याच पावलाला अडचण होते. इंग्रजीत 'हॅबिट' म्हणजे सवय आणि 'हॅबिट' म्हणजेच ननचा झगाही. हे दोन्ही अर्थ लॅटिनमधील 'हॅबिटुस' या एकाच शब्दातून, म्हणजे स्थिती, ठेवण, बाह्य रूप या कल्पनेतून निघालेले आहेत. तेव्हा हा श्लेष दोन भिन्न शब्दांच्या योगायोगाने जुळलेल्या ध्वनिसाम्यावर उभा नसून एकाच शब्दाच्या अनेकार्थतेवर उभा आहे. मराठीत वेष निराळा आणि सवय निराळी. शीर्षक योजणाऱ्याच्या मनात हा सारा विचार बहुधा नसावा. तथापि वेष आणि सवय यांचे नाते हाच या चित्रपटाचा खरा विषय आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1992 च्या पहिल्या चित्रपटात डेलोरिस ही गायिका (वूपी गोल्डबर्ग) गुंडांपासून जीव वाचविण्यासाठी ननच्या वेषात मठात लपते. बिल ड्यूक यांनी दिग्दर्शित केलेल्या दुसऱ्या भागात तोच वेष ती स्वेच्छेने चढविते, कारण सॅन फ्रान्सिस्कोमधील एका कॅथलिक शाळेतील मुले कोणालाच आवरत नाहीत आणि शाळा बंद करण्याचा घाट घातला जात आहे. संगीताच्या तासाला मुले 'बर्ड कोर्स' म्हणतात : पक्ष्याप्रमाणे अलगद उडत पार व्हावे, असा विषय. वर्गाच्या परिभाषेतील हा शब्द शिक्षिकेला ठाऊक नाही. तो तिला विद्यार्थ्यांकडून समजावून घ्यावा लागतो. संबंध चित्रपटातील अध्यापनाची दिशा या लहानशा प्रसंगात आलेली आहे. कथानकाचा उरलेला भाग, म्हणजे गायनस्पर्धा, मुलीला मज्जाव करणारी आई आणि संमतिपत्रावरील खोटी सही, सांकेतिकच आहे.

गाण्यांची निवड मात्र सांकेतिक म्हणून सोडून देता येत नाही. मुले शाळेपुढे गातात ते 'ओ हॅपी डे' हे मुळात अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक फिलिप डॉड्रिज यांचे स्तोत्र. परंतु ते जगाला ठाऊक झाले ते 1969 साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडील ओकलंड नगरीच्या एडविन हॉकिन्स यांनी केलेल्या गॉस्पेल रूपात. अंतिम स्पर्धेतील गीताची वंशावळ याहून लांब आहे. शिलरची 1785 मधील जर्मन कविता; 1824 साली व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या नवव्या सिंफनीत बेथोव्हेनने तिला दिलेली चाल; त्या चालीवर 1907 साली हेन्री व्हॅन डाइक यांनी रचलेले स्वतंत्र इंग्रजी स्तोत्र; आणि त्यावर या मुलांनी चढविलेला गॉस्पेल आणि रॅप यांचा साज. प्रतिस्पर्धी गायकवृंद तेच स्तोत्र रूढ पद्धतीने गातो आणि ते ऐकून या मुलांचा धीर सुटतो. अखेर ती रंगमंचावर येतात ती गायकवृंदाच्या झग्यांत नव्हे, आपल्या रोजच्या कपड्यांत. ज्या चित्रपटाच्या नावातच झगा आहे, त्याचा उत्कर्षबिंदू झगा उतरविण्यात व्हावा, हे लक्षणीय आहे.

वेषाबरोबर येथे बोलीही बदलते. रॅप ही आफ्रिकन-अमेरिकन बोलीच्या लयीत वाढलेली रचना होय. आणि ही बोली म्हणजे मोडके इंग्रजी नव्हे, हे विल्यम लबॉव्ह यांनी 1969 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात साधार दाखविले होते. एक उदाहरण पुरेसे आहे. या बोलीत 'ही सिंगिंग' म्हणजे तो या क्षणी गात आहे. 'ही बी सिंगिंग' म्हणजे त्याचे गाणे वरचेवर चालू असते. 'गात आहे' आणि 'गात असतो' हा भेद ज्याच्या भाषेत रोजचा आहे, त्या मराठी वाचकाला तो वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही. व्याकरणकार यास रीतिवाचक 'बी' म्हणतात. येथेही पुन्हा सवयच! शाळेतील शिक्षकाच्या कानाला मात्र तो 'इज' विसरलेल्या मुलाचा प्रमाद वाटतो.

याच ठिकाणी चित्रपटाची मर्यादा स्पष्ट होते. मुलांची बोली त्याने रंगमंचावर आणली, परीक्षकांकडून तिला पहिले पारितोषिकही देवविले. परंतु तीच बोली उत्तरपत्रिकेत उतरली तर काय करावयाचे, या प्रश्नात तो शिरत नाही. गाणे म्हणून जी भाषा आनंदाने स्वीकारली जाते, ती उत्तर म्हणून स्वीकारली जात नाही, आणि या दोन स्वीकारांमधील अंतर प्रेक्षकाच्या नजरेस येत नाही. कडूगोड संगीतिकेकडून इतकी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, असे कोणी म्हणेल. पण तीनच वर्षांनी हा प्रश्न हॉकिन्स यांच्याच ओकलंडमध्ये संगीताच्या साथीवाचून उभा राहिला. 18 डिसेंबर 1996 रोजी तेथील शिक्षणमंडळाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बोलीला 'इबॉनिक्स' या नावाने मान्यता देणारा आणि प्रमाण इंग्रजी शिकविण्यासाठी तिचा आधार घ्यावा असे सुचविणारा ठराव केला. देशभर त्याची टवाळी झाली. आता शाळांतून अशुद्ध इंग्रजी शिकविणार, असा त्याचा विपर्यास करण्यात आला. जानेवारी 1997 मध्ये लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेने ही बोली इतर कोणत्याही भाषिक रूपाइतकीच नियमबद्ध असल्याचे जाहीर केले. मंडळाने त्याच महिन्यात ठरावाची शब्दयोजना सौम्य केली. भाषाशास्त्रज्ञांचे एकमत आणि जनमत यांच्यात इतके अंतर क्वचितच पडले असेल.

चित्रपटाला पहिल्या भागाइतके उत्पन्न झाले नाही आणि समीक्षकांनीही त्याची फारशी भलावण केली नाही. तो पुढे स्मरणात राहिला तो बऱ्याच अंशी रीटा या विद्यार्थिनीची भूमिका करणाऱ्या लॉरिन हिलमुळे. 1998 साली तिने 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिचे नाव कार्टर वुडसन यांच्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची चिकित्सा करणाऱ्या 1933 मधील ग्रंथाची आठवण करून देते. ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी गाणे नाही. वर्ग भरलेला आहे, शिक्षक हजेरी घेत आहेत, मुले एकामागून एक ओ देत आहेत. लॉरिन हिल हे नाव पुकारले जाते, आणि उत्तर येत नाही.